खिडकीतल्यानं उतरायचं

"शाळा दिसली नाही का तुला?" इंगवले साहेबांनी विचारलं.

"साहेब, तिथं कोंबड्या आहेत," मी म्हणालो.

"मी शाळेबद्दल विचारतोय."

"शाळा आधी होती. आता कोंबड्या आहेत."

साहेबांनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि मान वळवून मागची पाटी दाखवली. लाल त्रिकोणात दप्तर घेतलेली दोन मुलं रस्ता ओलांडत होती. त्यातल्या मुलीचं डोकं गंजून गेलं होतं, पण ती चालायची थांबली नव्हती.

"ही पाटी काय म्हणते?"

"शाळा."

"मग गाडी हळू का नाही केलीस?"

मी खरं ते सांगितलं. "कोंबड्या शेडच्या बाहेर येत नाहीत, साहेब."

"वळव गाडी," साहेब म्हणाले. "नापास."

कुरणटोलीला लायसनचा कॅम्प लागायचा तो विश्रामगृहाच्या आवारात, चिंचेखाली. नेहमी येणारे साहेब आमच्या भागातले होते. ते गाडीत बसायचे, डोळे मिटायचे आणि पुन्हा चिंच आली की उघडायचे. मध्ये काही आपटलं नसेल तर माणूस पास. या खेपेला मात्र साताऱ्याकडून नव्यानं बदलून आलेले इंगवले साहेब आले होते. इस्त्रीचे खाकी कपडे, डोळे सताड उघडे. त्यांचा एकच नियम होता. पाटी म्हणजे पाटी.

हा नियम इतर कुठं चालला असता. आमच्या रस्त्यावर चालण्यासारखा नव्हता. त्या रस्त्याच्या पाट्यांचा आणि रस्त्याचा काही संबंध उरलेला नव्हता. उजवं वळण दाखवणारी पाटी होती, तिथलं वळण मी लहान असतानाच काढून रस्ता सरळ केला होता. 'पुढे काम चालू आहे' अशी एक होती. ते काम सुरू होताना कुणी पाहिलं नव्हतं, संपतानाही नाही. आणि सगळ्यात देखणी पाटी होती दरड कोसळण्याची. डोंगर, त्यावरून घरंगळणारे दगड, सगळं नीट काढलेलं. आजूबाजूला नजर जाईल तिथपर्यंत धानाच्या बांध्या. त्या सगळ्या टापूत जमिनीवरून उंच म्हणावं असं काही असेल तर ती पाटीच. दुसऱ्या जिल्ह्याची आमच्याकडं आली असणार. तिकडं घाटात आमची कुठली पाटी गेली असेल, याचा मी त्या वयात बराच विचार करायचो.

आता त्या रस्त्याचे चार पदर झालेत. हिरव्या चकचकीत पाट्या लागल्यात आणि त्या बहुतेक खरं बोलतात. मी नागपूरहून घरी जाताना त्या वाचतो. एकाही पाटीशी ओळख होत नाही.

तर, मी नापास झालो. त्याआधी किराणावाले हरडे वळणाच्या पाटीला हॉर्न न वाजवल्यामुळं नापास झाले होते. त्यांच्याआधीचे दोघं चालू असलेल्या कामावर. चिंचेखाली ड्रायव्हिंग स्कूलचे कापगते मास्तर डोक्याला हात लावून बसले होते. पुढचा नंबर माझ्या काकूचा होता.

माझं काही बिघडत नव्हतं. मित्रांकडं लायसन होतं म्हणून मला हवं होतं, एवढाच माझा प्रश्न. काकूचं तसं नव्हतं. श्रावणकाकाला दिवाळीनंतर लकवा मारला होता. उजवी बाजू गेली होती आणि जिभेवर वजन ठेवल्यासारखं बोलायचा. त्याची काळीपिवळी जीप तेव्हापासून अंगणात उभी होती. गावातल्या कॉन्व्हेंटच्या सरांनी काकूला शब्द दिला होता. शाळा उघडायच्या आत लायसन दाखवा, लेकरं आणायचं-न्यायचं काम तुमच्या जीपला. नाही दाखवलं तर गावातला ड्रायव्हर गुड्डू बिसेन तयारच होता. गुड्डूला कामही हवं होतं आणि जीपही. तो दर दोन दिवसांनी यायचा, काकाची तब्येत विचारायचा आणि जाताना टायर दाबून पाहायचा.

"काकू," मी तिच्या कानात म्हणालो, "पाटी दिसली की मान. खोटी आहे, जुनी आहे, काही मनात आणू नको. पाटी सांगते तसं कर."

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

"ते दगडाची पन?"

"ती पन."

काकूनं पदर खोचला आणि स्टिअरिंगवर बसली. साहेब तिच्या शेजारी, खिडकीत. काकूला धीर म्हणून मी मागं. मास्तरांच्या गाडीचं मागचं दार आतून उघडत नसे, त्यामुळं एकदा मागं बसलेला माणूस बाहेरच्यानं काढल्याशिवाय निघत नसे. मास्तर याला शिस्त म्हणायचे.

काकूनं गाडी चालवली ती अशी. कामाच्या पाटीला दुसरा गिअर टाकला आणि काम चालू असल्यासारखी बाजू घेऊन गेली. वळणाच्या पाटीला हॉर्न दिला, हात बाहेर काढला, आणि सरळ रस्त्यावरून अगदी जपून सरळ गेली. साहेबांनी पहिल्यांदाच मान हलवली. कोंबड्यांपाशी तिनं गाडी इतकी हळू केली की शेडमधला माणूस अंडी घ्यायला आले समजून उठून उभा राहिला.

दरडीच्या पाटीला काकूनं काचेतून वर पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. मग मीही पाहिलं. वर एक बगळा चालला होता.

"जाऊ द्या," साहेब म्हणाले.

एवढ्यात मागं रांग लागली होती. एक ट्रॅक्टर, एक बकऱ्यांचा टेम्पो आणि शेवटी एसटी. तिघंही हॉर्न वाजवत होते. बकऱ्याही ओरडत होत्या. एसटीच्या ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"ओ बाई! मयत घेऊन चालल्या काय?"

"लक्ष देऊ नका," साहेब म्हणाले. "तुम्ही उत्तम चालवताय."

काकूच्या मानेवर घाम दिसत होता, पण मला आरशातून तिचे दात दिसले. हसत होती. मी मनातल्या मनात गुड्डू बिसेनला टायरवरून हात काढायला सांगितलं.

मग फाटकाची पाटी आली.

त्या सकाळी फाटकापर्यंत कोणी पोचलंच नव्हतं. सगळे अलीकडंच नापास होऊन परतले होते. त्यामुळं फाटकाचं साहेबांना काही माहीत नव्हतं, आणि सांगायला हवं हे मला सुचलं नव्हतं. आपल्या घरात पाटावर बसतात हे पाहुण्याला कोण आधी सांगतं?

पूर्वी तिथून छोट्या लाइनची रेल्वेगाडी जायची. फाटक म्हणायचं, पण दांडा नव्हता की माणूस नव्हता. रस्त्यात उंचवटा, त्यावर दोन रूळ, आणि पाटीवर धूर सोडणारं इंजिन. म्हणून आमच्याकडं रीत पडली होती. रस्त्यावरची गाडी थांबायची. पुढच्या सीटवर खिडकीत बसलेला माणूस उतरायचा, उंचवट्यावर चालत जायचा, दोन्हीकडं लांबवर पाहायचा, हात वर करायचा आणि मग 'ये' म्हणून गाडीला बोलवायचा. गाडी पलीकडं गेली की तो पुन्हा बसायचा. मोठी लाइन येणार म्हणून पुढं छोटी बंद झाली, रूळही उपटून नेले. मोठी लाइन गावाच्या दुसऱ्या अंगानं गेली. पण उतरणं बंद करा असं कुणी सांगितलं नाही, आणि पाटी तर होतीच. त्यामुळं उतरणं चालू राहिलं. मी बाशिंग बांधलेल्या नवरदेवाला तिथं उतरताना पाहिलं आहे, खिडकीत बसला होता म्हणून. एकदा दवाखान्यात न्यायचा माणूस हवा लागावी म्हणून खिडकीत बसवला होता. तोही उतरला, पाहून आला, बसला आणि पुन्हा कण्हायला लागला.

काकूनं गाडी उंचवट्याच्या अलीकडं थांबवली, हँडब्रेक ओढला आणि समोर पाहत म्हणाली, "साहेब, उतरा."

साहेबांना वाटलं काही बिघडलं. "का? काय झालं?"

"फाटक."

"कुठंय फाटक?"

"हे काय."

साहेबांनी पाहिलं. उंचवटा होता. दोन्ही बाजूंना गवताची सरळ पट्टी गेली होती आणि तिच्यावरून एक बाई डोक्यावर सरपण घेऊन चालली होती.

"बाई, इथं रूळ कुठंयत?"

"नाईत."

"गाडी येते?"

"कायची येते आता."

"मग?"

"पाटी आहे ना, साहेब."

सकाळपासून जो नियम साहेब दुसऱ्यांना लावत होते तो आता त्यांच्याच मांडीवर येऊन बसला होता. पण साहेबच ते. त्यांनी वाट काढली.

"बरोबर. पाटी आहे, तुम्ही थांबलात, मला मान्य आहे. आता चला."

"पाहिलं नाई ना अजून कोनी."

"काय पाहायचं?"

"गाडी येते काय ते."

"अहो, गाडी येत नाही असं तुम्हीच म्हणालात!"

"मी म्हनली. पन पाह्यलं नाई."

मी मागून म्हणालो, "साहेब, मी उतरलो असतो, पण दार आतून उघडत नाही."

"तू गप्प बस, तू नापास आहेस," साहेब म्हणाले. मग काकूकडं वळले. "हे पाहा, मी परीक्षक आहे. मी उतरलो तर परीक्षा कोण घेणार?"

"तुम्हीच घ्या. तिकून."

मागं हॉर्न पुन्हा सुरू झाले. साहेबांना तेवढाच आधार मिळाला. "ऐकताय? लोक खोळंबलेत. रस्त्यात विनाकारण गाडी उभी करणं हा गुन्हा आहे. चालवा."

काकू हलली नाही.

"बाई, मी नापास करीन."

काकूनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. बांगड्या मागं सरकल्या होत्या आणि बोटं पांढरी पडली होती. मला वाटलं, संपलं. अंगणातली जीप गेली, कॉन्व्हेंटची लेकरं गेली, आता गुड्डू नुसता टायर दाबणार नाही, चावी मागणार. मी पुढं वाकलो. "काकू, जाऊ दे ना. नाई येत गाडी. चाल."

"करा नापास, साहेब," काकू हळू म्हणाली. "पन कोनी बोलावल्याबिगर मी गाडी टाकत नाई इथून."

तेवढ्यात एसटीचा कंडक्टर चालत आला. डोंगरवार त्याचं नाव. गळ्यात तिकिटांची पिशवी, तोंडात खर्रा, चेहऱ्यावर आता एकेकाला पाहतो असा भाव. साहेब त्याला पाहून खूश झाले.

"या, या. सांगा जरा या बाईंना. किती वेळ गाडी अडवून धरलीय."

डोंगरवार खिडकीत वाकला, साहेबांकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खर्रा एका गालात सरकवला.

"काऊन भाऊ, उतरत काऊन नाई तुम्ही?"

"मी?"

"मंग कोन? खिडकीत तुम्ही बसून आहात ना?"

"मी इन्स्पेक्टर आहे."

"असान. मी कंडक्टर आहो. मी खिडकीत बसलो त मीही उतरतो. उतरा, लेकरंबाळं उन्हात आहेत एसटीत."

"पण रूळ नाहीत!"

"ते आम्हाले माहीत नाई काय?" डोंगरवारला आता खरंच राग आला. तो मागं वळून ओरडला, "साहेब उतरत नाई म्हनते!"

मग मागून जे सुरू झालं ते मी आजवर दुसऱ्या कुठल्या साहेबाच्या वाट्याला आलेलं पाहिलेलं नाही. ट्रॅक्टरवाला ओरडला, टेम्पोवाला ओरडला, एसटीच्या खिडक्यांतून बाया ओरडल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच. उतर बाबा. एक म्हातारी म्हणाली, पाय दुखत असतील तर सांग, आमच्यातल्या कोनाले पाठवतो. हे ऐकून साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी दार उघडलं आणि उतरले.

खाकी कपड्यातला तो माणूस उन्हात एकटा उंचवट्यावर चढला आणि मधोमध उभा राहिला. त्यानं डावीकडं पाहिलं. मग उजवीकडं पाहिलं. उजवीकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. तिकडं ती गवताची पट्टी दूर पळसांपर्यंत सरळ जाते आणि तिथून पुढं दिसत नाही. तिथं उभं राहिलं की कुणालाही वाटतं, काहीतरी येईल. मलाही वाटायचं.

मग साहेबांनी पोलिसासारखा हात आडवा केला.

"तसं नाई," डोंगरवार ओरडला. "'ये' म्हना!"

साहेबांनी हात वर केला आणि दोनदा आपल्याकडं ओढला. ये, ये.

काकूनं पहिला गिअर टाकला. चढावर गाडी एवढीशीही मागं सरकली नाही. कापगते मास्तरांनी तीन महिने शिकवून जे जमलं नव्हतं ते त्या क्षणी जमलं. आम्ही साहेबांच्या अगदी जवळून गेलो, उंचवटा ओलांडला, उतरलो आणि काकूनं सिग्नल देऊन गाडी डावीकडं लावली. मी मागच्या काचेतून पाहिलं. साहेब अजून तिथंच होते. आता तिथं आहेतच तर म्हणून असेल, त्यांनी पुन्हा दोन्हीकडं पाहिलं आणि ट्रॅक्टरला बोलावलं. मग टेम्पोला. बकऱ्यांना जाऊ दिल्यावर तिसऱ्यांदा दोन्हीकडं पाहिलं आणि एसटीला. डोंगरवार पायरीवर लटकून त्यांना सलाम ठोकून गेला. साहेबांनीही ठोकला.

परत येऊन बसल्यावर त्यांनी रुमालानं मान पुसली.

"गाडी नव्हती," शेवटी म्हणाले.

"नाई ना," काकू म्हणाली. "चाला मंग."

चिंचेखाली साहेबांनी काकूला पास केलं. त्या दिवशीची ती एकटीच. मी आशेनं जवळ उभा राहिलो, तर मला म्हणाले, पुढच्या कॅम्पला ये, आणि शाळा पाहून ये. कापगते मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते काकूच्या पास होण्याचं की बाकीच्यांच्या नापास होण्याचं, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा काका ओसरीत बाजेवर उशीला टेकून बसला होता. त्याचं तोंड अंगणातल्या जीपकडं होतं. आमच्या चेहऱ्यावरून त्याला कळलंच असणार. मी तरी सगळं पहिल्यापासून सांगितलं, कोंबड्या, बगळा, सगळं. काका अर्ध्या तोंडानं हसत राहिला. फाटक आलं तसं त्यानं मला डाव्या हातानं थांबवलं.

"कोन... उतरलं?"

"साहेब," मी म्हणालो.

काकानं काकूकडं पाहिलं. काकू खांबाला टेकून उभी होती, तोंड धुतलेलं, पदरानं मान पुसत. दर बाजाराला ती काकाच्या जीपमध्ये मसाल्याची टोपली घेऊन जायची. बाजारही तिचे बरेच, बहुतेक फाटकापलीकडचे. जाताना पुढं खिडकीत बसायची आणि येतानाही. इतकी वर्षं मी ते पाहत होतो आणि माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"नीट... पाह्यलं काय त्यानं?" काकानं विचारलं.

"पाह्यलं. दोन्हीकडं पाह्यलं," काकू म्हणाली. मग जरा थांबली. मला वाटलं, आत जाईल. ती गेली नाही. "एवढी वर्षं मीच उतरली. रूळ होते तवाही आन् नोहते तवाही. मी पाह्याचं, मी हात कराचा, आन् तुम्ही याचं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मले कोनी 'ये' म्हनलंच नोहतं कधी. आज पहिल्यांदा म्हनलं. तेही कोन, त तो साताऱ्याचा."

काकाला बोलायला वेळ लागायचा, म्हणून आम्ही वाट पाहिली. पण त्याचं तोंड हललं नाही. डावा हात बाजेवरून उठला, वर गेला, आणि हळूच दोनदा आपल्याकडं आला.

काकू त्या हाताकडं पाहत राहिली.

"आता कुठं येऊ?" ती म्हणाली. "इथंच त आहो."